मान वर करून भेटावे

पावसाळा सरत आला की मुंबई-पुण्याच्या नामांकित शाळांमध्ये परदेशी विद्यापीठांच्या प्रवेश-प्रतिनिधींची ये-जा सुरू होते. कोणी शाळेच्या सभागृहात अर्धा-पाऊण तास माहिती सांगतो, तर कोणी शिक्षण मेळाव्यात टेबल मांडून बसतो. हा विषय आजवर उच्चभ्रूंचा मानला जाई. आता तसे राहिलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा उघडण्यासाठी नियमावली केली. २०२५ मध्ये यॉर्क, ॲबरडीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आदी विद्यापीठांना मुंबई-नवी मुंबईतील केंद्रांसाठी इरादापत्रे देण्यात आली. विद्यापीठेच दाराशी येऊ लागल्यावर डोंबिवली, नाशिक, सांगलीच्या मध्यमवर्गीय घरांतील अकरावी-बारावीच्या मुलांपुढेही अशा भेटीचे प्रसंग येणार. त्यासाठी त्यांची सिद्धता कोण करून घेणार?

आज अशा भेटीत सर्वसाधारणपणे काय घडते? मुलगा गप्प बसतो आणि वडीलच प्रश्न विचारतात. बोललाच, तर शिकवणी वर्गात पाठ केलेली चार इंग्रजी वाक्ये बोलतो. समोरचा गोरा पाहुणा म्हणजे परीक्षक आणि आपण उमेदवार, हे दोघांनीही मनोमन मान्य केलेले असते. हा न्यूनगंड वस्तुस्थितीला धरून नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांच्या वर गेली आणि या बाबतीत भारताने चीनला मागे टाकले. परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्काचा तेथील अनेक विद्यापीठांना मोठा आधार असतो. म्हणून हा पाहुणा पारखायला जसा येतो, तसाच आपली संस्था विकायलाही येतो. त्यात काही गैर नाही. पण घेणाऱ्याने पारख करावी, हा व्यवहारधर्म विसरून कसे चालेल?

या बाबतीत आदर्श शोधायला दूर जाण्याची आवश्यकता नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते. जाण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे भरसभेत त्यांनी आपण अमेरिकेलाच का जातो, एकटीने का जातो, अशा आक्षेपांना एकेक करून उत्तरे दिली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हा निर्धारही त्यांनी बोलून दाखवला. १८८६ मध्ये पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी निवडलेला विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा होता. कशासाठी जायचे हे त्यांना नेमके ठाऊक होते. त्यामुळे पेनसिल्व्हेनियातील महाविद्यालयापुढे त्यांना दुसऱ्या कोणाचे सोंग घ्यावे लागले नाही.

सिद्धतेची पहिली पायरी हीच. ‘तू कोण, तुला काय शिकायचे आहे आणि का?’ या प्रश्नाचे उत्तर मुलाने आधी मराठीत, स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे. गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च चोख ठेवणारा मुलगा, वारीच्या वाटेवर सेवापथकात राबलेली मुलगी, गडावरील पाण्याचे टाके उपसायला गेलेली मित्रमंडळी यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते. सल्लागाराकडून विकत घेतलेल्या कर्तृत्वापेक्षा हे अस्सल आहे. विकतच्या कर्तृत्वाचे काय होते, ते २०१९ मध्ये अमेरिकेतच दिसले. बनावट क्रीडापटू उभे करून आणि परीक्षेचे गुण फुगवून मुलांना नामवंत विद्यापीठांत घुसवणारे धनाढ्य पालक तेथे तुरुंगात गेले.

दुसरी पायरी अभ्यासाची. ज्या संस्थेचा प्रतिनिधी येणार, तिची माहिती आधी वाचावी. म्हणजे छापील पत्रकात मिळणारे उत्तर विचारण्यात वेळ जात नाही. मग नेमके प्रश्न विचारावेत. सर्व वर्षांचा एकूण खर्च किती? परदेशी विद्यार्थ्याला आर्थिक साहाय्य मिळते का, आणि पहिल्या वर्षानंतर ते टिकते का? पहिल्याच वर्षी शिक्षण सोडणारे किती? संस्थेला मान्यता कोणाची? शिक्षणानंतरच्या नोकरीविषयी मोघम आश्वासन मिळाले, तर लक्षात ठेवावे की कामाचा परवाना तेथील सरकार देते, विद्यापीठ देत नाही.

हे प्रश्न न विचारण्याची किंमत मोठी असते. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठ बंद पडले, तेव्हा काही भारतीय विद्यार्थ्यांच्या पायांत पाळत ठेवणारी यंत्रे अडकवली गेली. २०१९ मध्ये मिशिगनमधील फार्मिंग्टन विद्यापीठ हा अमेरिकी यंत्रणेनेच रचलेला सापळा निघाला आणि शंभराहून अधिक भारतीय ताब्यात घेतले गेले. कोणी जाणूनबुजून गेले, कोणी फसले; पण घरोघरीची पुंजी मात्र बुडाली. अनेक परदेशी विद्यापीठे एजंटाला प्रत्येक प्रवेशामागे दलाली देतात. एजंटाचा सल्ला ऐकताना याचा विसर पडू नये.

मोठ्या शाळांत या कामासाठी पगारी समुपदेशक असतात. तालुक्याच्या मराठी शाळेत ते नाहीत आणि प्रतिनिधीही तेथवर फिरकत नाहीत. ही उणीव समाजानेच भरून काढायला हवी. परदेशी शिकून परतलेले माजी विद्यार्थी, निवृत्त प्राध्यापक, बँकेतील कार्यकर्ते प्रत्येक नगरात आहेत. त्यांनी महिन्यातील दोन शनिवार दिले, मुलांना समोर बसवून अशा भेटींचा सराव करून घेतला, शैक्षणिक कर्जाचा हिशेब पालकांना कागदावर मांडून दाखवला, तरी पुष्कळ काही साधेल. ‘येथेच उत्तम शिक्षण मिळत असेल, तर जायचे कशाला?’ हा प्रश्नही त्या बैठकीत मोकळेपणाने विचारला जावा. सारा विचार करून कोणी देशातच राहिला, तर तेही या सिद्धतेचे यशच होय.

ज्ञानासाठी जगाच्या पाठीवर कोठेही जावे. त्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. मात्र जाणाऱ्याला आपण कोठून निघालो आणि कशासाठी निघालो, याचे भान हवे. ते भान देण्याचे काम परदेशी पाहुणा करणार नाही. ते घराने, शाळेने आणि समाजाने त्याच्या येण्याआधीच करायचे आहे.