बाळाचा पहिला जोडा

गेल्या महिन्याच्या टपालांत नाशिकच्या एका भगिनीचें पत्र आहे. घरांत आजेसासूबाई, सासूबाई, मामंजी, दोन दीर, जाऊबाई धरून दहा माणसें, आणि त्या दहांत मिळून मूल एकच, अकरा महिन्यांचा मुलगा. तो भिंत धरून उभा राहूं लागला मात्र, आणि चार दिवसांत घरीं तीन जोडे येऊन दाखल झाले. पहिला मामंजींनीं आणलेला; चामड्याचा, बंदांचा, घोट्याच्या वर जाणारा, कारण 'घोट्याला आधार पाहिजे.' दुसरा बाईंच्या बहिणीनें अमेरिकेहून धाडलेला. कातडें इतकें मऊ कीं जोड्याची घडी होते. तिसरा धाकट्या भाऊजींचा. पावलागणिक पीं पीं वाजणारा व टांचेंत तांबडा दिवा लागणारा. आजेसासूबाईंचें मत या तिन्हींच्या विरुद्ध आहे; मूल नीट चालूं लागेपर्यंत त्याच्या पायांत कांहींच घालूं नये, असें त्या म्हणतात. "आतां मीं कोणाचें ऐकावें?" असें विचारून बाई शेवटीं लिहितात, "कोणाचें मन मात्र दुखवावयाचें नाहीं."

प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु आम्ही तो लहान समजत नाहीं. आमच्या स्वतःच्या घरांत त्याचें उत्तर एकदां आम्हींच चुकविलें, आणि चुकविलें तें फार शहाणपणाच्या ऐटींत.

आमच्या पुतण्याची मुलगी वर्षाची होण्यापूर्वींच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून देवघरापर्यंत पांच-सहा पावलें टाकूं लागली होती. वाढदिवसाला आम्ही स्वतः एका मोठ्या दुकानांत जाऊन तिच्यासाठीं बूट घेऊन आलों. पांढरे शुभ्र, ताठ, टांचेकडे उंच. पाय वाढतो म्हणून एक नंबर मोठेच घेतले. विक्रेत्यानें पुढचें टोंक अंगठ्यानें दाबून 'अगदीं बरोबर' असा निर्वाळा दिला, व आम्हांला तो पुरला. छायाचित्रें उत्तम निघालीं. दुसऱ्या दिवसापासून मुलगी चालेना. उभी केली कीं मटकन् बसे, आणि चौथ्या दिवशीं ती पुन्हा रांगूं लागली. घरांत ज्याचें त्याचें निदान निराळें. कोणी म्हणालें दांत येत आहेत, कोणी म्हणालें लवकर चालली म्हणून पाय दमले. वहिनींनीं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. दृष्ट म्हणून कांहीं नसतें, हें आम्ही त्यांना सविस्तर समजावून सांगत होतों, आणि तें सांगतां सांगतां मुलीच्या बुटांचे बंद बांधीत होतों.

आठव्या दिवशीं डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं आमचें सर्व म्हणणें ऐकून घेतलें व प्रथम बूट काढावयास सांगितले. डाव्या टांचेला मोजा चिकटला होता. बुटाच्या आंतल्या बाजूस जाड शिवण होती. बूट सैल असल्यामुळें टांच प्रत्येक पावलाला वरखालीं होई, आणि शिवणीनें कातडें सोलून फोड येऊन ती फुटलीहि होती. जखम धुवून पट्टी बांधल्यावर डॉक्टरांनीं मुलीला तशीच अनवाणी फरशीवर उभी केली व तिच्या आईला दाराशीं जाऊन उभें राहण्यास सांगितलें. मुलीनें खालीं वांकून आपल्या बोटांकडे पाहिलें, बोटें फांकवलीं, आणि चालत दाराशीं गेली. डॉक्टर आम्हांला कांहीं बोलले नाहींत. बोलले असते तर बरें वाटलें असतें.

त्या दिवसानंतर या विषयावर मिळेल तें आम्ही वाचलें, आणि जें वाचलें तें बहुतेक आजेसासूबाईंच्या बाजूचें निघालें. प्रौढ माणसाच्या एका पावलांत २६ हाडें असतात. परंतु तान्ह्या मुलाच्या पावलांत त्यांपैकीं पुष्कळशीं अद्यापि कूर्चेच्या रूपांत असतात, आणि पावलाच्या आंतील बाजूचें नौकेच्या आकाराचें हाड तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं, कधीं त्याहूनहि उशिरां, टणक होऊं लागतें. याचा व्यवहारांतला अर्थ असा कीं, जोडा आंखूड असला तर मोठ्या माणसाप्रमाणें मूल ओरडत नाहीं. बोटें निमूटपणें दुमडून घेतें. ज्याला बोलतां येत नाहीं त्याचा पायहि फारशी तक्रार करीत नाहीं, ही या विषयांतली मोठी अडचण आहे.

दुसरें असें कीं, चालणें हें मूल तळव्यानें शिकतें. खालची जमीन थंड आहे कीं ऊन, गुळगुळीत कीं खरबरीत, उतरती कीं सपाट, हें तळवा सांगतो व त्यावरून मूल आपला तोल सांवरतें. बोटांनीं जमीन धरतें. जाड तळाचा जोडा चढविला कीं ती बातमीच बंद होते. सबब घरांत, अंगणांत, स्वच्छ गच्चीवर मूल अनवाणीच असावें. मोजेसुद्धां नकोत, हल्लींच्या गुळगुळीत फरशांवर नुसता मोजा म्हणजे घसरगुंडीच. थंडीच्या दिवसांत घालावेच लागले, तर तळव्याला रबराचे ठिपके असलेले घालावे.

मामंजींच्या 'आधारा'विषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे, कारण ही समजूत एकट्या त्यांची नव्हे. युरोप-अमेरिकेंत ती पिढ्यान् पिढ्या चालत आली आणि डॉक्टरांनींच ती पुष्कळ काळ वाढविली. लहान मुलाचा तळवा सपाट दिसतो, म्हणून त्याला ताठ बूट व आंत कमानीचा उंचवटा देण्याची तिकडे रीत होती. वस्तुतः लहान मुलाच्या तळव्याखालीं चरबीची गादी असते, तिच्यामुळें पाय सपाट दिसतो. कमान बहुतेकांची पुढें पांच-सहा वर्षांपर्यंत आपोआप दिसूं लागते. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत एक ते सहा वर्षांच्या मुलांना तीन वर्षेंपर्यंत असे उपचाराचे बूट देऊन पाहिले. बूट घातलेल्या व न घातलेल्या मुलांच्या पायांत शेवटीं कांहींच फरक आढळला नाहीं. दोन्हींकडे सारखीच सुधारणा.

आपल्याकडची पाहणी याहून बोलकी आहे. मणिपाळच्या डॉ. राव व डॉ. जोसेफ यांनीं चार ते तेरा वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेऊन १९९२ सालीं त्यांचा निष्कर्ष छापला. जोडे वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचें प्रमाण शेंकडा ८·६, तर अनवाणी वाढलेल्यांत शेंकडा २·८ निघालें. त्यांतहि पुढून बंद असलेल्या बुटांपेक्षां चपला-सँडल वापरणाऱ्यांची स्थिति बरी होती. हीं मुलें मोठीं होतीं, रांगतीं नव्हतीं, हें खरें. तथापि ज्या आधारासाठीं आपण बूट घालतों त्याचीच या आंकड्यांत उलटतपासणी होते.

विद्येच्या नांवाखालीं जोड्यांच्या दुकानांत काय काय चाललें, याचा एक नमुना सांगण्याचा मोह आवरत नाहीं. १९२० नंतर तीस-चाळीस वर्षें अमेरिकेंतील व इंग्लंडांतील अनेक दुकानांत क्ष-किरणांचें एक यंत्र असे. मुलानें नवा बूट घालून त्यांत पाय ठेवावा, आणि आईनें वरच्या झरोक्यांतून आंतलीं हाडें पाहावीं! बूट बसतो कीं नाहीं हें कळण्यासाठीं मुलांच्या पायांवर व दुकानांतल्या नोकरांवर किरणांचा असा मारा होत असे. १९५७ सालीं पेनसिल्व्हेनिया संस्थानानें हीं यंत्रें बंद केलीं व हळूहळू तीं सर्वत्र गेलीं. आमच्या विक्रेत्याचा अंगठा त्या मानानें निरुपद्रवीच म्हणावयाचा.

मग जोडा मुळींच नको काय? तसें नाहीं. जोडा लागतो तो पायासाठीं नव्हे, बाहेरच्या जमिनीसाठीं. वैशाखांतली तापलेली फरसबंदी, बागेंतल्या कांचा व खिळे, सार्वजनिक जागेंतली घाण, यांपासून पाय वांचवावयास पाहिजे. ओल्या घाणेरड्या मातींतील अंकुशकृमीचे अतिसूक्ष्म जंतु अनवाणी पायाच्या कातड्यांतूनच शरीरांत शिरतात. ही भीति कल्पनेंतली नाहीं. तेव्हां मूल आधार सोडून चांगलें चालूं लागलें व बाहेर फिरूं लागलें, म्हणजे पहिला जोडा घ्यावा. तो दिवस कधीं येईल याची घाई करूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें भारतासह पांच देशांतील निरोगी मुलें पाहून २००६ सालीं जें प्रमाण छापलें, त्यांत स्वतंत्र चालण्याचा काळ सुमारें सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. जाऊबाईंच्या माहेरचा मुलगा नवव्या महिन्यांत धांवला, म्हणून आपल्या बाळाला बूट चढविल्यानें तें धांवणार नाहीं. (पायांखालीं चाकें आणि मध्यें झोळी असें जें बसवून फिरविण्याचें वाहन हल्लीं घरोघर आलें आहे, त्याचीहि हीच गोष्ट. त्यांतून मुलें जिन्यावरून कोसळलीं म्हणून कॅनडानें २००४ सालीं त्याची विक्रीच बंद केली. आपला जुना पांगुळगाडा वेगळा. त्याच्यामागें मूल स्वतःच्या पायांवर उभें असतें.)

जोडा घेण्यापूर्वीं माप घरीं घ्यावें, आणि तें मुलाला उभें करून. बसलेल्या मुलाचें पाऊल लहान भरतें. कागदावर उभें करून दोन्ही पायांभोंवतीं पेन्सिल फिरवावी. दोन पाय क्वचितच तंतोतंत सारखे असतात, म्हणून मोठा पाय प्रमाण धरावा. सर्वांत लांब बोटापुढें सुमारें एक सेंटिमीटर जागा राहावी; त्याहून फार नको, नाहीं तर आमच्यासारखें व्हावयाचें. टांच मात्र आंत हलतां कामा नये. पुढचा भाग रुंद असावा. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनें २०२१-२२ मध्यें देशांतील लाखावर लोकांच्या पावलांचीं मापें घेतलीं, तेव्हां आपलें पाऊल पाश्चात्त्यांपेक्षां रुंद असतें असें दिसून आलें, आणि त्यावरून 'भा' नांवाची निराळी भारतीय मापपद्धति सुचविण्यांत आली. बाजारांतले नंबर इंग्रजी असल्यास एका नंबराला तृतीयांश इंच, युरोपी असल्यास सेंटिमीटरचा दोन-तृतीयांश. म्हणून नंबराची तुलना करीत बसण्यापेक्षां पावलाची लांबी सेंटिमीटरमध्यें लिहून न्यावी. डब्यावर छापलेले 'बारा ते अठरा महिने' हे शब्द तर वाचूंच नयेत.

हातांत घेतल्यावर जोडा बोटांच्या मुळाशीं सहज वांकला पाहिजे. तळ पातळ व सपाट, टांच नाहीं, वजन हलकें. बंद किंवा चिकटपट्टी असावी. नुसते पाय सरकविण्याचे जोडे मूल बोटें आंवळून संभाळीत बसतें. आंत हात घालून शिवण चांचपून पाहावी. हें एकच काम आम्हीं त्या दिवशीं केलें असतें तर हा लेखहि लिहावा लागला नसता.

वाजणाऱ्या जोड्यांविषयीं आमचें मत कडक आहे. तो आवाज मोठ्यांच्या करमणुकीसाठीं असतो. मूल तो काढण्यासाठीं पाय आपटीत चालतें. दिव्याच्या जोड्यांत पुष्कळदां बटणाएवढा सेल असतो. तळ फाटून तो निघाला व मुलानें गिळला तर प्राणाशीं गांठ पडते.

एकत्र कुटुंबांत थोरल्या मुलाचे जोडे धाकट्याला, ही काटकसर आम्हांला मुळांत मान्य आहे. झबलीं, कुंच्या खुशाल फिरवाव्या. जोडा उलटा करून तळ मात्र पाहावा. एका बाजूनें झिजला असेल किंवा आंत दुसऱ्याच्या बोटांचे खळगे पडले असतील, तर तो देऊं नये. चार वेळां समारंभाला घातलेला असला तर हरकत नाहीं.

नवा जोडा प्रथम अर्धा तास घालून काढावा व पाय पाहावा. तांबडा वळ उमटून बराच वेळ राहिला तर जोडा परत. आणि पाय पाहावयाची संवय जोड्यापुरती ठेवूं नये. मोज्याच्या आंतला सुटा धागा किंवा आईचा गळलेला केंस बाळाच्या बोटाभोंवतीं गुंडाळून आंवळला जातो. बोट सुजून लाल-निळें होतें आणि मूल कां रडतें तें कोणालाच कळत नाहीं. असें झाल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावें. मोजे उलटे करून पाहण्यास अर्धें मिनिट लागतें. अठरा महिने होऊनहि मूल चालत नसेल, लंगडत असेल, नेहमीं चवड्यांवरच चालत असेल, किंवा चालणारें मूल एकाएकीं चालेनासें झालें असेल, तरीहि दाखवावें. मात्र जातांना बूट काढून जावें.

आतां नाशिकच्या बाईंचें उत्तर. बहिणीचा मऊ जोडा बाहेर फिरण्यासाठीं ठेवा. त्याच्या पुढें जागा आहे कीं नाहीं तेवढें पाहा. भाऊजींचा जोडा त्यांनाच देऊन त्याऐवजीं पुढच्या मापाचा साधा आणावयास सांगा. तरुण माणसें अशा कामाला रागावत नाहींत. मामंजींचे चामडी बूट फोटोच्या दिवशीं मांडीवर बसल्या बसल्या घालावे, आणि बाळाला खालीं सोडण्यापूर्वीं काढावे. शिवाय एक काम त्यांच्याकडेच सोंपवावें. या वयांत पाऊल इतकें झपाट्यानें वाढतें कीं दर दोन महिन्यांनीं माप घ्यावें लागतें. कागद, पेन्सिल व फूटपट्टी मामंजींच्या स्वाधीन करावी, आणि घरांतला कोणताहि नवा जोडा त्यांच्या मापाशिवाय विकत घेऊं नये, असा नियम करावा. नातवाला दोन्ही पाय कागदावर ठेवून स्थिर उभा करणें हें एकट्याचें काम नव्हे. धरावयास आजेसासूबाईंना बोलवावें. कागदावर तारीख घालावयास विसरूं नये.