दंतकथेने झाकलेले दारिद्र्य

लंडनच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपेल येथे, थ्रॉल स्ट्रीटवरील एका निवासगृहातून ३१ ऑगस्ट १८८८ च्या रात्री मेरी ॲन निकोल्स या ४३ वर्षांच्या स्त्रीला बाहेर काढण्यात आले. रात्रीच्या बिछान्यासाठी लागणारे चार पेन्स तिच्यापाशी नव्हते, एवढाच तिचा अपराध. पहाटे पावणेचारच्या सुमारास जवळच्याच बक्स रो या गल्लीत तिचे प्रेत सापडले. पुढील दहा आठवड्यांत ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज आणि मेरी जेन केली या आणखी चौघींचे खून झाले. मारेकरी अखेरपर्यंत हाती लागला नाही. 'जॅक द रिपर' हे त्याला मिळालेले नाव मात्र जगाच्या पाठीवर सर्वत्र पोचले. पाऊल ल्येनी यांच्या १९२४ च्या 'वॅक्सवर्क्स' या जर्मन मूकपटापासून आजतागायत, म्हणजे शंभराहून अधिक वर्षे, भयपटांनी त्याला जिवंत ठेवले आहे. ज्या पाच स्त्रिया प्राणास मुकल्या त्यांची नावे मात्र या चित्रपटांच्या किती प्रेक्षकांना सांगता येतील?

हा प्रश्न केवळ सहानुभूतीचा नाही. एखाद्या समाजाने आपल्या इतिहासातील कोणती गोष्ट लक्षात ठेवली आणि कोणती विसरली, यावरून त्या समाजाला काय पाहायचे नव्हते ते कळते. व्हाइटचॅपेलचे खून ही मुळात दारिद्र्याची कथा होती. प्रथम वृत्तपत्रांनी आणि नंतर चित्रपटांनी तिचे रूपांतर एका रहस्यकथेत केले. या रूपांतराची किंमत कोणी दिली, याचा हिशेब मांडणे आवश्यक आहे.

बिछान्याचा भाव

चार पेन्स ही रक्कम आज क्षुल्लक वाटते. त्या काळी बारा पेन्सचा एक शिलिंग होत असे. लंडनच्या पूर्व भागातील हजारो स्त्रिया घरी बसून आगपेट्यांची खोकी तयार करीत. १४४ खोक्यांना सुमारे सव्वादोन पेन्स हा त्यांचा मोबदला, आणि त्यातून खळ व दोरा यांचा खर्च त्यांनीच सोसायचा. म्हणजे एका रात्रीच्या बिछान्यासाठी अडीचशेहून अधिक खोकी करावी लागत, आणि त्यानंतर अन्नाचा प्रश्न उरतच असे. पुरुषांची स्थिती फारशी निराळी नव्हती. गोदीतील हमालांना तासावर कामास घेतले जाई, आणि तासाला सहा पेन्स मिळावेत म्हणून त्यांना १८८९ साली मोठा संप करावा लागला. चार्ल्स बूथ यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार पूर्व लंडनमधील सुमारे ३५ टक्के लोक दारिद्र्यात जगत होते. जगातील सर्वांत मोठ्या साम्राज्याच्या राजधानीतील हे चित्र आहे, हे विसरून चालणार नाही.

रात्रीपुरता बिछाना भाड्याने देणारी निवासगृहे हा या दारिद्र्यावर पोसलेला व्यवसाय होता. ऑक्टोबर १८८८ मधील पोलिसांच्या अंदाजानुसार एकट्या व्हाइटचॅपेलमध्ये अशी २३३ निवासगृहे होती. तेथे उधारी नव्हती. पैसे नाहीत, तर रस्ता. किंवा सक्तीचे श्रम करवून आश्रय देणारे 'वर्कहाऊस'. मेरी ॲन निकोल्सने हे दोन्ही अनुभवले होते. ती एका छापखान्यातील यंत्र-कामगाराची पत्नी आणि पाच मुलांची आई. संसार मोडल्यावर तिला नवऱ्याकडून आठवड्याला काही शिलिंग मिळत. ती परपुरुषाबरोबर राहते असे दाखवून नवऱ्याने ते बंद केले, आणि कायद्याने त्याला तशी मुभाही दिली. स्त्रीची भाकरी तिच्या चारित्र्याच्या दाखल्यावर अवलंबून ठेवणारी ही व्यवस्था होती.

ॲनी चॅपमनची कहाणी याच वळणाने गेली. तिचा नवरा एका श्रीमंत घराण्याचा गाडीवान होता. विभक्त झाल्यावर तो तिला आठवड्याला दहा शिलिंग पाठवीत असे. १८८६ च्या नाताळात तो वारला आणि हा आधार तुटला. त्यानंतर ती विणकाम करी, फुले विकी. ८ सप्टेंबर १८८८ च्या पहाटे तिलाही पैशांअभावी निवासगृहातून बाहेर पडावे लागले, आणि काही तासांनी हॅनबरी स्ट्रीटवरील एका घराच्या मागील आवारात तिचा देह आढळला. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना तिच्या शरीरावर उपासमारीच्या खुणा आणि फुप्फुसांत जुनाट रोग दिसून आला. स्वीडनमधून आलेली एलिझाबेथ स्ट्राइड ही सुताराची विधवा; पतीबरोबर तिने एके काळी कॉफीचे दुकान चालविले होते. ज्या दिवसाच्या रात्री तिचा अंत झाला त्या दिवशी खोल्या झाडून तिने सहा पेन्स मिळविले होते. कॅथरिन एडोज केंटमधील शेतांवर हॉपची तोडणी करून नुकतीच परतली होती. तिच्या सोबत्याचे बूट अडीच शिलिंगला गहाण पडले होते, आणि ती गहाणाची पावती तिच्या प्रेताजवळ मिळाली. मेरी जेन केली ही पाचजणींत सर्वांत तरुण. तिच्या खोलीचे भाडे आठवड्याला साडेचार शिलिंग होते व २९ शिलिंग थकले होते. ९ नोव्हेंबर रोजी तिचे प्रेत प्रथम पाहिले ते घरमालकाच्या माणसाने. तो थकलेले भाडे मागण्यासाठी आला होता.

पाचही मृत्यूंच्या आसपास असा काही पेन्सचा, काही शिलिंगांचा हिशेब आहे. तो योगायोग नव्हे.

नावाचा जन्म आणि व्यापार

'जॅक द रिपर' हे नाव कोणत्याही साक्षीदाराने दिलेले नाही. सप्टेंबर १८८८ च्या अखेरीस एका वृत्तसंस्थेला आलेल्या लाल शाईतील पत्राखाली ती सही होती. हे पत्र एखाद्या पत्रकाराचीच करामत असावी, असे ज्येष्ठ पोलीस अधिकाऱ्यांचे मत होते. अर्ध्या पेनीला मिळणाऱ्या सायंदैनिकांची चुरस तेव्हा ऐन भरात होती, हे लक्षात घेतले म्हणजे या नावाचा बाजारात एवढा खप का झाला ते कळते. या गदारोळात एक निराळा आवाज उठला. बर्नार्ड शॉ यांनी 'स्टार' या पत्राला लिहिलेल्या उपरोधिक पत्रात, जे समाजवाद्यांच्या प्रचाराने साधले नाही ते एका खुन्याने साधले, श्रीमंतांचे लक्ष अखेर पूर्व लंडनकडे वळले, असे बजावले. परंतु ते लक्ष दारिद्र्यापेक्षा रहस्यावरच अधिक खिळले.

चित्रपटांनी हाच वारसा पुढे चालविला. ॲल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'द लॉजर' (१९२७) या मूकपटात बळी पडणाऱ्या स्त्रियांची ओळख सोनेरी केस एवढीच आहे. १९४४ मध्ये हॉलीवूडने हीच कथा पुन्हा पडद्यावर आणली, तेव्हा तत्कालीन आचारसंहितेला देहविक्रय दाखविणे मंजूर नसल्याने त्या स्त्रिया नटी झाल्या. हॅमर या ब्रिटिश चित्रसंस्थेने १९७१ साली एका चित्रपटात मारेकऱ्याची मुलगी आणली, तर दुसऱ्यात त्याची सांगड स्टीव्हन्सनच्या डॉ. जेकिलशी घातली. 'अ स्टडी इन टेरर' (१९६५) आणि 'मर्डर बाय डिक्री' (१९७९) यांत शेरलॉक होम्स त्याच्या मागावर निघाला. उंच टोपी, काळा झगा, हातात डॉक्टरी पेटी आणि धुक्यात मंदपणे जळणारा गॅसचा दिवा हे या चित्रपटांचे ठरलेले साहित्य. खुनी सभ्य वर्गातील होता, असा कोणताही पुरावा नाही. परंतु दरिद्री वस्तीतील सामान्य माणूस मारेकरी असणे पडद्याला पुरेसे आकर्षक वाटत नाही.

या टीकेला दोन उत्तरे दिली जातात, आणि ती विचारात घेणे न्याय्य ठरेल. भयपट हा इतिहासाचा ग्रंथ नव्हे, कलावंताला स्वातंत्र्य हवे, हे पहिले. ते मान्य करण्यास हरकत नाही. कलेला ही कथा वेगळ्या रीतीने सांगता येते, हे पाब्स्ट यांच्या 'पँडोराज बॉक्स' (१९२९) या जर्मन चित्रपटाने दाखविलेही आहे. त्यातील लुलू लंडनच्या माळ्यावरील गारठ्यातून आणि भुकेतून रस्त्यावर येते, आणि तिचा मृत्यू प्रेक्षकाला हुरहूर लावतो. दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. 'मर्डर बाय डिक्री' किंवा २००१ चा 'फ्रॉम हेल' यांसारखे चित्रपट राजघराण्यातील डॉक्टरांवर आणि उच्चपदस्थांच्या कटावर ठपका ठेवतात. तेव्हा ते वरिष्ठ वर्गावरील टीकाच करतात, असे म्हटले जाते. वस्तुतः येथेच खरी मेख आहे. सारा दोष एका विकृत डॉक्टरावर वा एखाद्या गुप्त मंडळीवर टाकला, की घरभाडे, मजुरी, विवाहाचा कायदा आणि वर्कहाऊस हे सर्व निर्दोष सुटतात. खलनायक पकडला की प्रेक्षक समाधानाने घरी जातो. व्यवस्थेला पकडण्याची सोय पडद्यावर नसते.

दंतकथेचे नवे बळी

दंतकथा निरुपद्रवी असती, तर ही चर्चा चित्रपटसमीक्षेपुरती राहिली असती. पण तसे घडले नाही. १९७५ ते १९८० या काळात पीटर सटक्लिफ याने इंग्लंडमध्ये १३ स्त्रियांचे खून केले आणि वृत्तपत्रांनी त्याला 'यॉर्कशायर रिपर' हे नाव बहाल केले. १९७८ व १९७९ मध्ये पोलिसांना 'जॅक द रिपर' या सहीची पत्रे आणि पाठोपाठ स्वतःला जॅक म्हणविणाऱ्या इसमाची ध्वनिफीत मिळाली. पोलिसांनी त्या आवाजातील बोलीवर विश्वास ठेवला. सटक्लिफची चौकशी अनेकदा झाली होती. परंतु त्याची बोली तशी नव्हती. ध्वनिफीत आल्यानंतर त्याने आणखी तीन स्त्रियांचे प्राण घेतले. ती फीत बनावट होती, आणि ती पाठविणाऱ्याला २००६ साली शिक्षा झाली. १८८८ मध्ये वृत्तपत्री बाजारात रुजलेल्या एका नावाने जवळजवळ शतकानंतर तपासाची दिशा चुकविली. त्या तपासात काही बळींना 'निरपराध' म्हणून इतरांपासून वेगळे काढले गेले, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. बळींविषयी वापरलेल्या भाषेबद्दल वेस्ट यॉर्कशायर पोलिसांनी क्षमा मागितली ती २०२० साली.

लंडनच्या केबल स्ट्रीटवर २०१५ मध्ये जे संग्रहालय उघडले त्याचा आराखडा स्त्रियांच्या इतिहासाचे दालन म्हणून मंजूर करून घेण्यात आला होता. प्रत्यक्षात पाटी लागली ती 'जॅक द रिपर'ची. नागरिकांनी निदर्शने केली, परंतु पर्यटकांची मागणी कशाला आहे हे व्यापाऱ्यांना चांगले ठाऊक होते. हॅली रुबेनहोल्ड यांनी २०१९ मध्ये 'द फाइव्ह' हा ग्रंथ लिहून या पाचजणींची चरित्रे प्रथमच सविस्तर मांडली. त्यांपैकी तिघी देहविक्रय करीत होत्या याला पुरावा नाही, हा त्यांचा निष्कर्ष सर्वच अभ्यासकांना मान्य नाही. पण तो मान्य असो वा नसो, मूळ मुद्दा बदलत नाही. देहविक्रय करणाऱ्या स्त्रीचे जीवितही तितकेच मोलाचे असते, आणि तिला त्या मार्गाने लोटणारी कारणे तितकीच तपासण्यासारखी असतात.

इतिहास शिकविणाऱ्याने आणि शिकणाऱ्याने प्रश्न कोणता विचारायचा, याचा हा धडा आहे. खुनी कोण होता, हे कोडे बहुधा कधीच सुटणार नाही, आणि न सुटणाऱ्या कोड्यावर चित्रपट निघतच राहतील. परंतु ४३ वर्षांची, पाच मुलांची आई अपरात्री रस्त्यावर का होती, हे कोडे नाही. त्याचे उत्तर १८८८ सालीही उघड होते, आणि ते चार पेन्सच्या हिशेबात सामावलेले होते.