विश्लेषण : कामाच्या ई-मेलचा इनबॉक्स भरला तर? ‘अर्काइव्ह’ केल्याने जागा मोकळी होते का?

‘तुमचे स्टोरेज भरले आहे’ ही सूचना अनेक जण बाजूला सारून कामाला लागतात. वैयक्तिक ई-मेलपुरते हे एकवेळ चालते. पण छोटे व्यावसायिक, सीए, गृहनिर्माण सोसायट्या यांचा कारभार बऱ्याचदा जीमेलच्या मोफत खात्यावर चालतो. तिथे जागा संपली की निविदेचे उत्तर किंवा करखात्याची नोटीस अडकू शकते. घाईत डिलीट केलेला एखादा मेल पुढे पुरावा म्हणून लागू शकतो.

१५ जीबी जागा जाते कुठे?

जीमेल 1 एप्रिल 2004 रोजी सुरू झाले तेव्हा 1 जीबी जागा मिळत होती. आज मोफत खात्याला 15 जीबी मिळते, पण ती एकट्या ई-मेलसाठी नाही. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत ती वाटली जाते. 1 जून 2021पासून गूगल फोटोजमधील नवे फोटो या हिशेबात धरले जातात. अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता याच जागेत मोजला जातो. त्यामुळे इनबॉक्स भरण्यामागे मेलऐवजी फोटो आणि बॅकअप असण्याची शक्यता मोठी आहे. आधी गूगल खात्यातील स्टोरेजच्या पानावर कोण किती जागा खाते, हे पाहावे.

जागा संपल्यावर काय होते?

मेल पाठवता येत नाहीत आणि येणारे मेल पाठवणाऱ्याकडे परत जातात. आपल्याला कोणाचा मेल परत गेला, हे कळतही नाही. जीएसटी कायद्याच्या कलम 169नुसार नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेलवर नोटीस पाठवणे ही नोटीस बजावण्याची मान्य पद्धत आहे. त्यामुळे ‘इनबॉक्स भरला होता’ या सबबीवर विसंबून राहणे धोक्याचे ठरू शकते. खाते सलग दोन वर्षे मर्यादेबाहेर राहिले, तर गूगल त्यातील मजकूर काढून टाकू शकते.

मग ‘अर्काइव्ह’ कशासाठी?

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. जीमेलमध्ये अर्काइव्ह केलेला मेल फक्त इनबॉक्समधून हटतो, ‘ऑल मेल’मध्ये कायम राहतो. शोधला तर सापडतो, त्यावर कोणी उत्तर दिले तर पुन्हा इनबॉक्समध्ये येतो. समोरचा पसारा आवरतो, पण जागा एका एमबीनेही वाढत नाही. अटॅचमेंट ड्राइव्हमध्ये ठेवणे म्हणजेही या खिशातले त्या खिशात, कारण दोन्हींचा कोटा एकच.

जागा खरोखर कशी मोकळी करावी?

हजारो छोटे मेल पुसण्यापेक्षा मोठ्या अटॅचमेंटचे मोजके मेल काढणे फायद्याचे. संगणकावर जीमेलच्या शोधपट्टीतील फिल्टरमध्ये ‘10 एमबीपेक्षा मोठे’ असा आकार निवडता येतो. ‘सेंट’ मेलही तपासावेत, पाठवलेल्या फाइलही जागा घेतात. ई-मेलमधून जाताना फाइलचे मजकुरात रूपांतर होते, त्यात तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. जीमेलमध्ये मेल ठेवून फक्त अटॅचमेंट काढता येत नाही, संपूर्ण मेलच डिलीट करावा लागतो. डिलीट केलेला मेल 30 दिवस ‘ट्रॅश’मध्ये राहतो. जागा लगेच हवी असेल तर ट्रॅश रिकामा करावा लागतो.

काय डिलीट करू नये?

जीएसटीशी संबंधित नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपाव्या लागतात. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके व संबंधित व्हाउचर आठ आर्थिक वर्षे ठेवणे बंधनकारक आहे. म्हणजे बिले, करार, ऑर्डर आणि देयकांबाबतचे मेल सरसकट पुसणे परवडणारे नाही.

अशा मेलना ‘लेबल’ लावून ‘गूगल टेकआउट’मधून तेवढेच डाउनलोड करता येतात. मिळणारी ‘एमबॉक्स’ फाइल ‘थंडरबर्ड’सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडते. ती उघडून पाहावी, दोन ठिकाणी जपावी आणि मगच मूळ मेल काढावेत. केवळ स्क्रीनशॉट किंवा प्रिंट पुरेशी नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 7नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद जपताना ती कोणी, कोणाला, कधी पाठवली हा तपशीलही टिकावा लागतो. न्यायालयात ती सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते.

ई-मेल कंपनीचा असेल तर?

मेल किती काळ ठेवायचे हे तिथे कंपनीचे धोरण ठरवते. त्यामुळे डिलीट करण्यापूर्वी आयटी विभागाला विचारावे. कामाचे मेल स्वतःच्या खात्यावर फॉरवर्ड करून जागा करणे हा गोपनीयतेचा भंग ठरू शकतो. आउटलुकमध्ये जुने मेल संगणकावरील ‘पीएसटी’ फाइलमध्ये हलवता येतात. त्याने सर्व्हरवरील जागा मोकळी होते, पण हार्ड डिस्क बिघडली आणि बॅकअप नसेल, तर ते मेलही गेले.

सुरुवात कुठून करावी?

आधी फोटो आणि बॅकअप, मग मोठ्या अटॅचमेंट, शेवटी जाहिरातींचे मेल. बिले आणि करारांना हात लावण्यापूर्वी त्यांची प्रत काढून घ्यावी.