विस्मरण नव्हे, तुटलेला धागा

भिवंडीत यंत्रमाग कारखान्याची पाळी सुटली की एक वाक्य हमखास कानावर येतं : “बारा तास उभं राहून अंग आंबतं. थोडी घेतली की डोकं मोकळं होतं, झोप लागते.” यातला थकवा खरा आहे, उपाय मात्र खोटा आहे.

आधी झोपेचं पाहू. दारूने डोळा लवकर लागतो, हे मान्य. पण उत्तररात्री झोप मोडते, सकाळी डोकं जड राहतं आणि त्याच डोक्याने पुन्हा मागांवर नजर ठेवायची असते.

दुसरा दावा, “घेतली की सगळं विसरायला होतं.” साध्या मागावर ताण्याचा एक धागा तुटला तरी माग थांबत नाही. धोटा खटखटत राहतो, कापड पुढे सरकतं आणि कारागिराच्या लक्षात येईपर्यंत त्यात उभी रेघ पडत जाते. फार प्यालेल्या माणसाचं तसंच होतं. तो बोलतो, भांडतो, घरी पोचतो. पण मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात आठवण नोंदवण्याचं काम बंद पडलेलं असतं. ती रात्र तो विसरत नाही. ती विणलीच गेलेली नसते. सकाळी कर्ज आठवतं. बायकोला काय बोललो, तेवढं आठवत नाही. तिला मात्र शब्दन्‌शब्द आठवतो.

तिसरा दावा, “बेताने घेतली तर काही होत नाही.” ब्रिटनमध्ये ५५० जणांच्या पिण्याची ३० वर्षं नोंद ठेवली गेली. २०१७ साली निष्कर्ष आला : बेताने पिणाऱ्यांतही हिप्पोकॅम्पस आक्रसल्याचं प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. वर्षानुवर्षं पिऊन जेवण टाळणाऱ्याला तर बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं आणि नवी आठवण धरण्याची शक्तीच जाऊ शकते.

“मेंदू गेलाच, आता सोडून काय उपयोग?” हेही चूक. दारू सुटली की काही महिन्यांत लक्ष आणि स्मरण बऱ्याच जणांचं सुधारतं. पडलेली रेघ पुसता येत नाही. पण धागा सांधून पुढचं कापड नीट विणता येतं, हे भिवंडीकराला सांगायला नको.

थकव्यावर उतारा विश्रांतीचा, पोटभर जेवणाचा आणि आठ तासांच्या पाळीचा. तो मालकांनीही द्यायला हवा. रोज खूप पिणाऱ्याने मात्र एकदम, आपल्या मनाने बंद करू नये. झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांना गाठा, किंवा १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे.