पान सोडले, सुपारी राहिली



चातुर्मास लागला की आपण भोगोपभोगाची मर्यादा घेतो. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोजन, वाहन, शयन, फुले यांच्याबरोबर तांबूलही मोजले आहे. त्याप्रमाणे बहुतेक जणी विड्याचे पान सोडतात. पण जेवणानंतर सुपारीचा डबा फिरतच राहतो, कारण सुपारी ‘कोरडी’! मला हा जमाखर्च उलटा वाटतो.

नागवेल ही मिरीच्या कुळातली. रामटेकला शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनाला आपण जातो, त्याच भागात बारई समाजाने पिढ्यानपिढ्या पानमळे राखले आणि तिथले कपुरी पान नावाजले गेले. पावसाळ्यात पानांवर बारीक जीव असतात, म्हणून चार महिने ते सोडायचे, हे योग्यच.

सुपारीचे तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 च्या अहवालात तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली. तिने तोंडाच्या आतली त्वचा कडक होते, पुढे तोंड उघडेनासे होते. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, तरी आपल्या उमरेडपासून नागपूरपर्यंत खर्रा घोटला जातोच. मुलांना खर्र्याबद्दल रागवायचे आणि पाहुण्यांपुढे आपणच सुपारी धरायची, हे पटत नाही. पूजेत फळ म्हणून वाहिलेली सुपारी वेगळी, ती कोणी खात नाही.

मग विडा संपला का? नाही. थायलंडमध्ये नागवेलीच्या भावकीतल्या एका वेलीचे पान स्वयंपाकातच वापरतात. त्यात भाजलेले खोबरे, शेंगदाणे, लिंबाच्या फोडी आणि गुळाचा घट्ट पाक घालून घडी करून खातात. नाव मियांग खाम. त्यातली सुकी कोळंबी, कांदा, आले आपल्याला वर्ज्य. ते वगळून आपल्या कपुरी पानात चिमूटभर सुंठ घाला. सुपारी नाही, चुना नाही, कातही नाही.

चातुर्मास संपल्यावर पान दोन्ही बाजूंनी नीट पाहून, धुऊन, पुसून घ्यावे आणि हा विडा हळदीकुंकवाला द्यावा. सुपारीचा त्याग मात्र चार महिन्यांचा नको, जन्माचा असावा. त्यागाने शरीर आणि परिणाम दोन्ही निर्मळ व्हावेत. नुसती हिरवी वस्तू मोजून ते साधत नाही.