"घराण्यातच शुगर आहे" म्हणून हात झटकू नका

शिरूर-दौंडकडचे रुग्ण तपासताना एक वाक्य मला नेहमी ऐकू येतं: "डॉक्टर, आमच्या घराण्यातच शुगर आहे. पथ्य करून काय होणार?" आम्ही काही डॉक्टरही "अनुवंशिक आहे हो" म्हणून विषय संपवतो. त्यात आता जाहिराती आल्या: थुंकी पाठवा, मधुमेह होणार का ते कळेल! मला हे मान्य नाही.

आनुवंशिकता खरी आहे. पण २०१६ साली 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनात सुमारे १३ हजार लोकांची जनुकं वाचली, तेव्हा काय दिसलं? नेहमीच्या टाइप २ मधुमेहामागे दुर्मिळ, जबरदस्त दोष फारसे सापडले नाहीत. धोका आहे तो अनेकांमध्ये असलेल्या छोट्या छोट्या फरकांचा. तेच फरक तुमच्या आजोबांतही होते. ते नांगरामागे चालत होते. तुम्ही बांधापर्यंतही मोटरसायकलवर जाता. दोन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत, दिनक्रम बदलतो.

आणि "रक्तातून आलं" म्हणजे फक्त जनुकांतून नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर मातांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं बारीक, स्नायू कमी. पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. गरोदरपणात आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनचा परिणाम सर्वात कमी होत होता. सुनेच्या ताटाकडे लक्ष देणं आपल्या हातात नाही का?

मग जनुक चाचणी निरुपयोगी? नाही! ती ज्यांना हवी, त्यांना मात्र कोणी सांगत नाही. 'मॉडी' नावाचा मधुमेह एकाच जनुकातल्या दोषाने होतो. पंचविशीच्या आत सुरुवात, अंगाने सडपातळ, सलग दोन-तीन पिढ्यांत आजार, असं असेल तर डॉक्टरांना याबद्दल विचारा. यातल्या एका प्रकाराला स्वस्त गोळ्या उत्तम लागू पडतात, दुसऱ्याला बहुधा औषधच लागत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह झाला तर ही चाचणी हवीच. काही बाळांचं इन्सुलिन बंद होऊन गोळ्यांवर भागतं. पण निदान होईपर्यंत स्वतःहून इन्सुलिन बंद करू नका, ते जिवावर बेतेल.

बाकीच्यांनी थुंकी पाठवण्याऐवजी कंबर मोजा. पुरुषांची ९०, स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. आई-वडिलांना मधुमेह असेल तर तिशीपासून दरवर्षी उपाशीपोटी साखर तपासा, आणि रोज अर्धा तास चाला. घराण्यात शुगर असणं हे लवकर जागं होण्याचं कारण आहे, झोपून राहण्याचं नाही.