आकड्यामागचं नाव शोधा

महाराष्ट्रातल्या अनेक गावांत चावडीच्या नाहीतर जुन्या शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी दिसते. या गावातून पहिल्या महायुद्धाला इतके जण गेले, त्यातले इतके मेले, एवढंच तिच्यावर कोरलेलं. नाव एकाचंही नाही. आपण तिच्याखाली बाईक लावतो आणि पुढे जातो.

फक्त आकड्यावर भागवण्याचा हा प्रकार गावापुरता नव्हता. इराकमधल्या बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीनुसार नुसता आकडा. 2021 मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने अशा भेदभावाबद्दल माफी मागितली. याच इराकमध्ये 29 एप्रिल 1916 रोजी कुट-अल-अमारा इथे सुमारे 13 हजारांची फौज तुर्कांना शरण गेली. तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. वाळवंट तुडवताना आणि नंतर रेल्वेच्या कामावर हजारो कैदी मेले.

त्यांची नावं शोधणं आज मोबाइलवर सुरू करता येतं, तेही फुकट. कमिशनच्या वेबसाइटवर नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि काही नोंदींत बापाचं नाव, गावही मिळतं. त्या युद्धातल्या कैद्यांची लाखो कार्डं जिनिव्हाच्या रेडक्रॉसने ऑनलाइन ठेवली आहेत. पण 'जळगाव जिल्हा' टाकून शोधत बसाल तर फसाल. तेव्हा रावेर पूर्व खानदेशात होतं. गावाच्या स्पेलिंगमध्येही कुठे व्ही, कुठे डब्ल्यू असू शकतो. तीन-चार प्रकारे टाइप करून बघा.

घरातली जुनी पेटीही उघडा. पदक सापडलं तर त्याची कड भिंगाखाली धरा. तिथे बहुधा नंबर, नाव आणि पलटण असते. मात्र नुसतं नाव जुळलं म्हणून तो आपलाच आजा असं ठरवू नका. नंबर, पलटण, बापाचं नाव, यातल्या दोन गोष्टी तरी जुळायलाच हव्यात. नाहीतर आपण इतिहास नाही, व्हॉट्सअॅप फॉरवर्ड तयार करतो.

'शंभर वर्षांपूर्वीचं उकरून काय मिळणार?' असं कुणी म्हणेल. त्याला दमयंती तांबे यांच्याबद्दल सांगा. डिसेंबर 1971 च्या युद्धात त्यांचे पती फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं विमान पाकिस्तानात पाडलं गेलं. पकडलेल्या वैमानिकांच्या एका बातमीत त्यांच्याशी जुळणारं नाव छापून आलं, स्पेलिंग जरा चुकलेलं. बॅडमिंटनच्या या राष्ट्रीय विजेतीने पुढे अनेक दशकं शोध सोडला नाही. 2007 मध्ये बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन आले, त्यांत त्याही होत्या. अशा 54 जणांची यादी आहे. पाकिस्तान म्हणतं, आमच्याकडे कुणी नाही. मेला म्हटलं तर घर रडून मोकळं होतं. 'बेपत्ता' म्हटलं की दार उघडंच राहतं.

एनएसएसच्या शिबिरात आपण गावात सात दिवस राहतोच. झाडझूड करूच, पण एक संध्याकाळ म्हाताऱ्याकोताऱ्यांसोबत वही घेऊन बसा. जी नावं पुराव्यानिशी सापडतील, ती ग्रामसभेत वाचा आणि त्या पाटीशेजारी लावा. दोनच सापडली तरी आकड्यातून दोन माणसं घरी आली.